तुळशीच्या लग्नाआधीचा धडा

आमच्या विज्ञानाच्या बाई पुस्तक शेवटून उघडायच्या. जूनमध्ये शाळा भरली, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली जुनी-नवी पुस्तकं घेऊन आम्ही नववीच्या वर्गात बसलो, हजेरी झाली, की बाई म्हणणार, "काढा पान. पुनरुत्पादन." बाकीच्या शाळांत हा धडा पार फेब्रुवारीत यायचा. यायचा म्हणजे काय, 'हा तेवढा घरी वाचून घ्या' म्हणत मास्तर पुढच्या धड्यावर उडी मारायचे. आमच्याकडे मात्र पहिल्याच आठवड्यात फळ्यावर उभं कापलेलं फूल आणि त्याच्या शेजारी उभी कापलेली बाई! मुलगे पायाच्या अंगठ्यांकडे बघत बसायचे आणि आम्ही पोरी वह्यांत तोंड घालून.

हेडमास्तर बिचारे घाबरट. ते एकदा वर्गाच्या दारात येऊन म्हणाले, "बाई, क्रमानं घ्या ना. हा धडा शेवटी आहे, तर शेवटी घेऊ."

बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "सर, तुळशीचं लग्न लागलं की माझ्या वर्गातल्या पोरी कमी व्हायला लागतात. फेब्रुवारीत मुलींचे बाक रिकामे. ज्यांना हा धडा लागणार, त्याच वर्गात नसतील, तर मी काय खडूला शिकवू?"

खोटं नव्हतं ते. केंदूर-पाबळच्या बाजूच्या आमच्या गावात तेव्हा, म्हणजे नव्वदीच्या त्या वर्षांत, दिवाळी झाली की नववी-दहावीतल्या एकेका मुलीच्या हातात हिरवा चुडा दिसायचा आणि मग ती मुलगीच दिसायची बंद व्हायची. हजेरीत तिचं नाव काही दिवस तसंच राहायचं. बाई ते नाव मोठ्यानं पुकारायच्या, थांबायच्या आणि मग पुढच्या नावाकडे जायच्या.

बाई शिरूरच्या मिशन कंपाउंडमधल्या. गावात त्यांना सगळे 'मिशनच्या बाई' म्हणायचे. किरकोळ बांधा, मनगटावर पुरुषी घड्याळ, बारा महिने काखेत छत्री. पाऊस असो नसो, छत्री असणारच, कारण तिचा उपयोग नकाशा दाखवायला, कुत्रं हाकलायला आणि एसटी थांबवायला. लग्न केलेलं नव्हतं. गावातल्या बायका खोदून खोदून विचारायच्या, "बाई, कसं काय वो लगीन न्हाई केलं?" बाईंचं उत्तर ठरलेलं, "वेळ झाला नाही." जणू गिरणीवर दळण टाकायचं राहून गेलं!

चष्म्याच्या घरात त्या चष्मा ठेवत नसत, दाढीचं पातं ठेवत. रस्त्यात फूल दिसलं की तोडलं, पातं काढलं आणि उभं चिरलं. जास्वंद, धोतरा, भोपळा, काही चालायचं. शेवंतीच्या दिवसांत आम्ही मुली वेण्यांत फुलं खोचून यायचो. एक दिवस बाईंनी माझ्याच वेणीतलं फूल काढलं, हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "झाडाची जननेंद्रियं डोक्यात माळून मिरवता. तेव्हा लाज वाटत नाही. आणि मी नुसता शब्द उच्चारला की माना खाली?" मेलं, काय बोलावं माणसानं! आठवडाभर शाळेत एका मुलीनं फूल घातलं नाही. घरी आई विचारायची, "का गं?" काय सांगणार, कपाळ!

त्यांच्या मते लाज शब्दाला चिकटलेली असते आणि शब्द घासला की निघून जाते. म्हणून त्या आमच्याकडून पाढे म्हणवून घ्यावेत तसे शब्द म्हणवून घ्यायच्या. "गर्भाशय!" बाई म्हणायच्या. "गर्भाशय..." वर्ग पुटपुटायचा. "ऐकू नाही आलं. पोटात भाकरी आहे ना? गर्भाशय!" आणि मग आम्ही सगळे, मुलगे-मुली मिळून, बेंबीच्या देठापासून ओरडायचो. शेजारीच ऑफिस होतं. तिथं एकदा झेडपीचे कुणी साहेब चहा पीत बसले होते, तेव्हा आमचं 'अंडाशय' चाललं होतं. हेडमास्तरांनी शिपायाला पाठवून वर्गाची खिडकी लावून घेतली. बाईंनी ती उघडली. शिपायानं पुन्हा लावली. मग बाईंनी ती उघडून मध्ये छत्रीच अडकवून ठेवली.

हेडमास्तरांचं आणि त्यांचं भांडण नव्हतं बरं का. पण पपईचा प्रकार झाल्यावर हेडमास्तर त्यांच्यापुढं फार बोलेनासे झाले. शाळेच्या मागं पपईची झाडं लावली होती. काहींना लांब दांड्यावर फुलांचे झुपके यायचे, पण फळ नाही. ही नराची झाडं. हेडमास्तर म्हणाले, फुकट पाणी पितात, तोडा. शिपायानं एकूण एक तोडली. आजूबाजूला दुसरी पपई नाही. पुढं मादी झाडांना फुलं आली, पिवळी पडली आणि टपाटपा गळाली. हेडमास्तर खत घालतायत, राख टाकतायत, कुणी सांगितलं म्हणून झाडाला जुनी चप्पलसुद्धा बांधून झाली. बाई रोज मधल्या सुट्टीत तिकडून जायच्या आणि गप्प बसायच्या. शेवटी हेडमास्तरांनीच विचारलं, "बाई, ह्या झाडांत काय खोट आहे?"

"झाडांत काही नाही सर. तुम्ही त्यांचे नवरे तोडलेत, आणि चप्पल त्यांनाच बांधलीत."

हे सगळं आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र मला बाईंचा राग यायचा, विशेषतः शुक्रवारी. शुक्रवारचा शेवटचा तास बाईंनी 'विचारा' म्हणून ठेवला होता. त्या खुर्चीत बसायच्या, हाताची घडी घालायच्या आणि म्हणायच्या, "विचारा." कुणी विचारायचं नाही. मग त्या तशाच बसायच्या, अख्खा तास. शिकवणं नाही, रागावणं नाही. घंटा झाली की उठायच्या, "पुढच्या शुक्रवारी," म्हणायच्या आणि एसटीला पळायच्या. गणपती झाले, पाऊसकाळ सरला, तरी बाईंचं बसणं चालूच. माणसानं इतकं हट्टी असू नये, असं मला वाटायचं.

आता आमच्या घरचं सांगते. आम्ही मूळचे मेंढरंवाले. आजोबा, म्हणजे आमचे आबा, तरुणपणी कळप घेऊन मुलूखभर फिरलेले. नंतर जमीन आली, कांदा आला, माझे वडील शेतीला लागले. आबांनी मात्र थोडी मेंढरं हट्टानं राखली होती. वडील अबोल. घरात शब्द आबांचा. आबांनी माझ्या ताईचं लग्न पंधराव्या वर्षी दौंडकडच्या एका घरात लावून दिलं. जाताना ती इतकी रडली की गाडीवाल्यानं दोनदा गाडी थांबवली. वर्ष सरलं नाही तोवर ती बाळंतपणात अडली. टेम्पोत घालून दौंडला नेली. ताई वाचली, बाळ गेलं. सासरची म्हणाली, हिची कूसच खोटी. तिला आमच्या दारात सोडून गेली ती परत न्यायला आलीच नाहीत.

आणि आमच्याच घरातल्या बायका काय म्हणायच्या ठाऊक आहे? ताईनं पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली! झालं, सगळं पाप ताईच्या पदरात. ती कुणापुढं यायची नाही. लग्नकार्यात तिला आतल्या खोलीत बसवायचे. मला अजून त्या बायकांची नावं घेऊन भांडावंसं वाटतं.

दसऱ्याच्या सुमारास माझं ठरलं. मुलगा मांडवगण फराट्याचा, कंपनीत लागलेला, परमनंट व्हायच्या बेतात. तुळशीचं लग्न झालं की पहिल्या मुहूर्ताला बार उडवायचा, असं आबांनी तोंडी कबूल करून टाकलं. मला कुणी विचारलं नाही. मी ताईकडं बघत राहायची. मला मरायची भीती वाटत होती, सरळ सांगते. रात्री झोप लागायची नाही.

त्या शुक्रवारी बाई घडी घालून बसल्या, "विचारा" म्हणाल्या आणि माझा हात वर गेला. कसा गेला देव जाणे.

"बाई, ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळ मरतं का?"

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी नुसतं तिकडं बघितलं, हसू थांबलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "सुरीचा आणि गर्भाशयाचा काही संबंध नाही. कुणाचं बाळ गेलं?"

"माझ्या ताईचं."

"तिचं वय?"

"तेव्हा सोळावं लागलं होतं."

"आणि तुझं?"

"पंधरा." "तुळशीच्या लग्नानंतर माझं पण आहे बाई."

बाई उठल्या. फळ्यापाशी गेल्या, खडू उचलला, काही न लिहिताच तो परत ठेवला. मग म्हणाल्या, "शाळा सुटली की मी तुझ्याबरोबर येते."

"बाई, शिरूरची गाडी चुकेल."

"चुकू दे."

वाटेत मी देवाला हात जोडत होते. आबा रागीट. ह्या धड्याबद्दल त्यांनी गावात ऐकलेलं, आणि 'त्या मास्तरणीला एकदा बघतो' असं ते म्हणतच होते. आम्ही पोचलो तेव्हा आबा लिंबाच्या झाडाखाली मेंढ्याला पाला घालत बसले होते.

"या मास्तरीणबाई," आबा म्हणाले. "पोरीनं काय उद्योग केला?"

"काही नाही आबा. मेंढरं बघायला आले."

आबांचा चेहराच बदलला. घरी येणारा जो तो कांद्याचा भाव नाहीतर कालव्याचं पाणी बोलायचा, मेंढरं बघायला कोण येतंय! त्यांनी बाईंना बाज दिली, आईला चहा टाकायला सांगितला. बाईंनी मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"देखणा आहे. पण ह्याच्या पोटाखाली हे गोणपाट कशाला बांधलंय?"

मी पदर नसताना पदर तोंडावर ओढायला बघितला. आबांना मात्र काही वाटलं नाही. मेंढरांचं बोलायला त्यांना कसली लाज!

"आवो, त्याला काय कळतंय? माजावरची मेंढी दिसली की ह्यो निघाला. कळपात कवळ्या मेंढ्या हायत. त्या आत्ताच फळल्या तर वाटूळं की."

"का पण? माजावर आली म्हणजे तयार झाली ना ती?"

"काय बाई तुमी!" आबा खो-खो हसले. "शिकलेल्या आन् आसं इचारता व्हय? माजावर येनं येगळं, आन् पिल्लू पोसनं येगळं. अंग भराय लागतं. कमरंचं हाड फाकाय लागतं. न्हायतर कोकरू अडतं. त्ये बी जातं आन् आई बी जाती. वाचलीच, तर जल्माची खुरटती."

"मग किती थांबता?"

"दुसरा पावसाळा बघितल्याबिगर म्या मेंढा सोडत न्हाई. माझ्या बापानं न्हाई सोडला, म्या न्हाई सोडला."

बाईंनी मान हलवली. मग माझ्याकडं बोट केलं.

"आणि हिचं? हिचं अंग भरलंय का आबा?"

आबांच्या हातातला पाला मेंढ्यानं ओढून घेतला तरी आबांना कळलं नाही. मग त्यांचा आवाज चढला. "बाई, मेंढरू आन् मानूस एक हाय व्हय?"

"नाही ना. मेंढीसाठी तुम्ही थांबता."

मला वाटलं, आता आबा काठी उचलतात. शेजारीपाजारी अंगणाच्या दगडी गडग्यापाशी जमले होते. दुसरं कुणी असतं तर तेवढ्यावर निघून गेलं असतं. पण बाईच त्या! त्यांनी माझ्या दप्तरातून विज्ञानाचं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि आमच्या अंगणात उभं राहून धडा वाचायला सुरुवात केली. परागकोश, कुक्षी, फुलाचा अंडाशय, बाईचा अंडाशय, पाळी का येते, गर्भ कुठं वाढतो, बाळ बाहेर कसं येतं. मध्येच थांबून सांगायच्या, "हे आता धड्यात नाही, मी सांगते. पाळी आली म्हणजे अंडाशयाचं काम सुरू झालं, एवढंच. कमरेचं हाड त्यानंतर कितीतरी वर्षं वाढत असतं. ते वाढायच्या आत बाळ आलं तर अडतं. भाजी चिरली म्हणून नाही."

"बाई, जरा हळू," आबा गडग्याकडं बघत म्हणाले.

"मला हळू वाचता येत नाही आबा," बाई म्हणाल्या आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनच थांबल्या. स्वाध्यायाचे प्रश्नसुद्धा वाचले! मग पुस्तक माझ्या हातात दिलं, गार झालेला चहा एका घोटात प्यायल्या आणि छत्री उचलून सडकेला लागल्या. गाडी गेलेलीच होती. दुधाच्या टेम्पोला छत्री आडवी घालून त्या शिरूरला गेल्या, असं दुसऱ्या दिवशी कळलं.

दोन दिवस आबा जेवायला बसायचे, अर्ध्यावर उठायचे. मेंढरांत जाऊन बसायचे. आई मला म्हणाली, "तुझ्या बाईनं घराची अब्रू काढली." ताई आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. बाई वाचत होत्या तेव्हाही ती तिथंच होती.

रविवारी मांडवगणची मंडळी तारीख धरायला आली. मुलाचे वडील, मामा आणि एक मध्यस्थ. पानसुपारी झाली. मध्यस्थानं पंचांग काढलं. आबा खाकरले.

"पाव्हणं, पोरीचं अंग भरलं न्हाई अजून. शिकती हाय, शिकू द्या. अठरा झाल्यावर बघू."

मुलाच्या वडलांना वाटलं, चेष्टा चाललीय. "आबा, आवो शब्द दिलाय तुमी! भावकीत सांगून बसलोय आमी. तोंड कुठं दाखवायचं?"

"दिला व्हता. माजं चुकलं. तुमी मला शिव्या द्या, पन पोरगी आत्ता देत न्हाई."

आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून ताई बाहेर आली. पाहुण्यांपुढं ती कधी यायची नाही, तिला येऊच देत नसत. ती सरळ आबांसमोर येऊन उभी राहिली.

"आबा," ती म्हणाली, "ही मेंढरांची अक्कल तुमाला माझ्या येळंला बी व्हती की."

पाहुणे चपापले. आई तिला ओढायला धावली, तिनं आईचा हात झटकला.

"व्हती ना आबा?"

आबांनी मान वर केली नाही. "व्हती," ते म्हणाले.

"मग?"

"तवा कुनी इचारलं न्हाई पोरी."

"मी रडत व्हते की आबा," ताई म्हणाली. "गाडीत बसस्तवर रडत व्हते. आजून कसं इचारायचं असतं?"

एवढा मोठा माणूस, सगळ्यांच्या देखत पागोट्याचं टोक तोंडात धरून रडायला लागला. पाहुणे हळूच उठले, चपला पायात सरकवल्या आणि निघून गेले. त्यांना थांबा म्हणायला कुणी गेलं नाही.

सोमवारी सकाळी मी शाळेला निघाले तर आबा अंगणात उभे. शेजारी ताई, आईचं धुवट लुगडं नेसून. आबा मला म्हणाले, "हिला संगं ने. बाईंना म्हनावं, हिला काय काय इचारायचंय त्ये समदं इचारू द्या." ताईनं सातवीतच शाळा सोडलेली. वाटभर ती माझा हात घट्ट धरून होती.

वर्गाच्या दारात आम्ही दोघी उभ्या राहिलो. सगळा वर्ग लुगडं नेसलेल्या ताईकडं बघत होता. बाई तेव्हा विजेचा धडा शिकवत होत्या, फळाभर तारा आणि बल्ब काढलेले. मी म्हणाले, "बाई, ही माझी ताई."

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मुलींच्या पहिल्या बाकावरच्या दोघींना सरकायला सांगितलं आणि ताईला तिथं बसवलं. मग फळा पुसला, सगळा, आणि मधोमध एक मोठं फूल काढायला सुरुवात केली.

"पुस्तकं उघडा. पुनरुत्पादन."

मागच्या बाकावरून एक मुलगा कुरकुरला, "बाई, हा धडा जूनमध्ये झालाय की."

"तुझा झालाय," बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "हिचा राहिलाय."